सान्वीच्या गुडघ्याबद्दल, जरा सविस्तर

म्हापसा

प्रिय शेखर,

सप्रेम नमस्कार.

सान्वीचे रिपोर्ट पाहिले. "ती दुखतंय असं म्हणतच नाही, मग एवढी औषधं कशाला?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहितो.

पाच वर्षांचं मूल दुखतं म्हणून सांगत नाही. ते सकाळी कडेवर घ्यायला लावतं, जिना बसत बसत उतरतं आणि दहा वाजेपर्यंत अंगणात धावायला लागतं. मोठ्यांना वाटतं, नाटक करते. मुलांच्या या संधिवातात दुखण्यावर भरवसा ठेवायचाच नाही. सूज किती, सकाळी सांधा मोकळा व्हायला किती वेळ लागतो आणि तपासणीची तारीख कधी, एवढ्यावरच लक्ष.

निदानाबद्दल शंका ठेवू नकोस. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जेआयए, मुलांचा संधिवात. 'आरए फॅक्टर' (मोठ्यांच्या संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात, पण तो बहुतेक मुलांत निगेटिव्हच असतो. एकदोन सांधेच धरलेले असले तर ईएसआरही (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल येऊ शकतो. चिकनगुनियाच्या तापानंतरही सांधे धरतात, पण एकच गुडघा तीन महिने सुजलेला राहिला तर त्याचं खापर डासावर फोडता येत नाही. आधीच्या डॉक्टरांनी एएसओ (घशाच्या जंतुसंसर्गाची रक्तातली खूण) वाढलेला पाहून, वातज्वर (रुमॅटिक फीवर) समजून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली, हा घोळ आपल्याकडे नेहमीचा. वातज्वरात दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरतं आणि काही आठवड्यांत ओसरतं, सान्वीचं एकाच गुडघ्यात ठाण मांडून आहे. तरीही ती इंजेक्शनं स्वतःहून बंद करू नका, हृदयाचा इको पाहून डॉक्टरच ठरवतील.

आता डोळे. गुडघ्यापेक्षा मला त्यांचीच जास्त काळजी आहे. कमी सांधे, लहान वय, एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह, अशा मुलांत डोळ्याच्या आत, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सूज येण्याचा धोका सर्वांत मोठा. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल टीव्ही जवळून बघत नाही. कळतं तेव्हा बाहुली आत चिकटून वेडीवाकडी झालेली असते, कधी मोतीबिंदूही. म्हणून दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं दिव्याचं सूक्ष्मदर्शक यंत्र) तपासणी, आणि ही शिस्त पहिली चार वर्षं तरी. टॉर्च मारून बघणं किंवा चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. गुडघा बरा झाला तरी ती चुकवायची नाही, कारण डोळा गुडघ्याच्या तालावर चालत नाही. सांखळीहून बांबोळीला जाणं जिवावर येतं, ठाऊक आहे. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) डोळ्यांची आणि बालरोगाची तारीख एकाच दिवशी मागून घे.

गुडघ्यात एक इंजेक्शन देणार म्हणालास, ते ट्रायमसिनोलोन, सांध्यात टोचायचं स्टिरॉइड. सूज एकाच सांध्यात असेल तेव्हा हाच सरळ उपाय, आणि लहान मुलांना झोपेचं औषध देऊनच करतात. टोचलेल्या जागी कातडी थोडी खोलगट, पांढरी पडू शकते, घाबरू नका. तेवढ्यानं भागलं नाही किंवा डोळ्यात सूज निघाली, तर मेथोट्रेक्सेट, म्हणजे आजार आवरणारं पुढचं औषध.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे वाक्य कागदावर लिहून कपाटाला चिकटव. चुकून रोज दिलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, जीवही जाऊ शकतो. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो, चौरस मीटरला १० ते १५ मिलिग्रॅम. १६ किलोच्या मुलीचं क्षेत्रफळ साधारण ०.७, म्हणजे डोस साधारण ७ ते १० मिलिग्रॅम. दुकानदार कधी २.५ च्या गोळ्या देतो, कधी १० ची. "चार गोळ्या" असं पाठ करून ठेवलंत आणि पुढच्या वेळी पाकीट १० चं निघालं तर चौपट डोस जाईल, म्हणून नेहमी मिलिग्रॅम वाचा. शुक्रवारी रात्री जेवणानंतर द्या, मळमळ झालीच तर शनिवार-रविवारी निभते. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी, पण मेथोट्रेक्सेटच्या दिवशी नको. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. महिन्याभरात "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे पालकच जास्त. रक्त आणि यकृताची तपासणी सुरुवातीला महिन्या-दोन महिन्यांत, नंतर दर तीन महिन्यांनी.

गुडघ्याखाली उशी देऊन झोपवणं आजच बंद करा. आराम वाटतो, पण वाकलेला गुडघा तसाच आखडतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा आणि तिला गुडघा गादीकडे दाबायला सांगा, पाच आकडे मोजेपर्यंत, दहा वेळा, दिवसातून दोनदा. तिला पालथी झोपवून पोटऱ्या पलंगाबाहेर लोंबू द्या. एक टाच वर राहिली तर तो गुडघा पूर्ण सरळ होत नाही. सूजलेल्या गुडघ्याचं हाड जास्त वेगानं वाढतं आणि तो पाय लांब होतो. मग मूल तोच गुडघा वाकवून उभं राहतं आणि आखडणं वाढतच जातं. लांबी मोजून आखूड पायाच्या बुटात तेवढी जाड टाच घालतात. सकाळी कोमट पाण्याची आंघोळ, मग व्यायाम. सुजलेल्या सांध्यावर जोरात तेल रगडणं नको. आणि बिननावाच्या पुड्या तर मुळीच नको, त्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं आणि चेहरा गोल झाल्यावरच कळतं.

वहिनींनी सोलकढी, कैरी, वांगं, मासे, सगळंच बंद केलंय म्हणे. कशाचंही पथ्य नाही. तारले आणि नाचणी तर उलट द्या, हाडांना कॅल्शियम हवं.

संशोधनाचं विचारलं होतंस. २००० साली एटानरसेप्ट या जैविक इंजेक्शनाचा पहिला मोठा अभ्यास ६९ मुलांवर झाला आणि मेथोट्रेक्सेटनं न वळणाऱ्या मुलांसाठी नवी वाट उघडली. पण ते डोळ्याला फारसं उपयोगी नाही. तिथे ॲडॅलिमुमॅब, तसंच दुसरं इंजेक्शन. २०१७ साली छापलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत मेथोट्रेक्सेटच्या जोडीला ते दिल्यावर फरक इतका ठळक दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. मला सर्वांत बोलका वाटतो तो नेदरलँड्समधला अभ्यास. औषधांचे तीन वेगवेगळे क्रम, पण तिन्ही गटांत दर तीन महिन्यांनी तपासून सूज उरली तर पुढची पायरी चढायची. दोन वर्षांनी प्रत्येक गटात ७० टक्क्यांच्या आसपास मुलांचा आजार शांत होता. कोणतं औषध आधी यावर तू रात्र जागू नकोस, तारीख पाळ.

सान्वीला ही जैविक इंजेक्शनं लागलीच, तर आधी क्षयाची तपासणी होईल, आणि गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लशींचं त्याआधीच डॉक्टरांशी बोलून घे. सिरिंज फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दारात नको, फ्रीझरमध्ये कधीच नको. पावसात तुमच्याकडे वीज जाते तेव्हा जाड डब्यात बर्फ भरा, पण सिरिंज बर्फाला टेकू देऊ नका, गोठलेलं औषध फेकावंच लागतं. (मासळीच्या डब्यात ठेवायची नाही, हे वहिनींना सांगायला नको, पण तुला सांगतो.)

पुढच्या भेटीला जाताना रोज सकाळी मोकळं व्हायला किती मिनिटं लागली त्याची वही ने, आणि एएनएचा रिपोर्ट डोळ्यांच्या डॉक्टरांना आठवणीनं दाखव.

तुझा,
प्रकाश