सावकाश टाइप करा, मी आहे फोनवर

आदरणीय सर,

नाव घालू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. पण आभार मला सगळ्यांसमोरच मानायचे आहेत.

फेब्रुवारी म्हणजे आमच्या निफाडकडे द्राक्षाचा ऐन हंगाम. पॅकहाउस दोन पाळ्यांत चालू, दारात थंड ठेवणारा रिफर कंटेनर उभा, आणि रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा मेल काही येईना. शेवटी त्याचाच फोन आला. तीन दिवस तो मेल पाठवत होता आणि प्रत्येक मेल आमच्याच सर्व्हरच्या दारातून परत जात होता. कारण लिहिलेलं होतं, पाठवणाऱ्याचं नाव स्पॅमहाउसच्या, म्हणजे कचरा मेल पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत आहे. लॅबचा रेसिड्यू रिपोर्टही, म्हणजे द्राक्षात फवारणीचा अंश किती त्याचा अहवाल, तसाच परत गेलेला. मी मुळात हिशेबाचं काम करते. सर्व्हर बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला, तेव्हापासून तेही माझ्याकडे आलं.

ज्यांना आम्ही देखभालीचे दरवर्षी पैसे मोजतो, त्यांनी फोन उचलल्या उचलल्या रूट पासवर्ड, म्हणजे सर्व्हरची मुख्य किल्लीच, मागितला. मग म्हणाले, तुमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॅकलिस्ट झालाय, काढायचा खर्च वेगळा. अहो, मेल आम्ही परत पाठवत होतो, आमचे कोणी नाकारत नव्हतं! एवढं ऐकून घ्यायलाही त्यांना वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने येणाऱ्या मेलची यादीशी होणारी सगळी तपासणीच बंद केली आणि काम झालं म्हणून निघून गेला. मेल यायला लागले, पण सोबत कचऱ्याचा लोंढाही आला. त्यातच खोकी पुरवणाऱ्याच्या नावाने एक बनावट बिल होतं, बँकेचा खाते क्रमांक बदललेला. मी आरटीजीएसचा फॉर्म भरून सहीला ठेवलासुद्धा होता. रक्कम चलनाशी जुळेना, म्हणून थांबले. बागायतदारांचे पैसे होते ते, सर. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मावसभावाने तुमचा नंबर दिला. ओळख ना पाळख, रात्री साडेनऊला फोन केला. तुमचं पहिलं वाक्य मला अजून आठवतंय: "पासवर्ड मला सांगू नका. सर्व्हर तुमचा आहे, तुम्हीच बघायचं."

मग गेटपासच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही मला त्या डच सर्व्हरच्या आयपीचे चार आकडे उलटे लिहायला लावलेत, शेवटचा आधी. त्याच्यापुढे यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवर नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारायचं. काहीच उत्तर आलं नाही तर तो पत्ता यादीत नाही. एवढं सोपं आहे, हे इतक्या दिवसांत मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे हात थरथरत होते. दोनदा टिंब राहिलं, एकदा आकडेच उलटसुलट झाले. तुमच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी जेवायला हाक मारली, आणि तुम्ही त्यांना "तुम्ही बसा" म्हणालात. मग मला म्हणालात, "सावकाश टाइप करा, ताई. मी आहे फोनवर."

त्यापुढचं सगळं त्या एका वाक्याने झालं असं मला वाटतं.

उत्तर आलं 127.255.255.254. जीमेलच्या सर्व्हरचा पत्ता घालून बघितला, तरी तेच. तेव्हा तुम्ही समजावलंत की या उत्तरात पाठवणाऱ्याबद्दल एक अक्षरही नाही. यादीवाले एवढंच सांगताहेत की तुम्ही सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारताय, आम्ही तिकडे उत्तर देत नाही. इंटरनेटची लाइन बदलताना कंपनीच्या माणसाने सर्व्हरवर 8.8.8.8, म्हणजे गूगलचा सार्वजनिक डीएनएस, टाकून ठेवलं होतं. आणि आमचा पोस्टफिक्स, म्हणजे सर्व्हरवरचा मेल सांभाळणारा प्रोग्राम, काहीही उत्तर आलं की समोरचा दोषी समजत होता.

साडेअकरापर्यंत डीएनएसला विचारणारा आमचा स्वतःचा प्रोग्राम, अनबाउंड, चालू झाला आणि 127.0.0.2 ते 127.0.0.11 एवढीच उत्तरं "यादीत आहे" म्हणून ग्राह्य धरायची असं ठरलं. सॉर्ब्ज नावाची तशीच दुसरी यादी तुम्ही सर्व्हरवरून काढायला लावलीत, ती जून 2024 मध्येच बंद झालेली. ओआरडीबी या आणखी एका जुन्या यादीचंही तेव्हाच सांगितलंत: 2006 च्या डिसेंबरात ती बंद झाली, आणि मार्च 2008 मध्ये तिने प्रत्येक पत्त्याला वाईट म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी ती काढली नव्हती, त्यांचे चांगले मेलही परत गेले. तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला मी दोन पत्ते विचारून बघते. हे दोन्ही फक्त चाचणीचे: 127.0.0.2 यादीत असायलाच हवा, 127.0.0.1 कधीच नको. कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाखाली तसं लिहून ठेवलंय.

आणखी एक. काम झाल्यावर तुम्ही स्वतःहून सांगितलंत की स्पॅमहाउसची ती फुकट सेवा धंद्यासाठी नाही, आपण व्यापार करतो, तेव्हा रीतसर नोंदणी करून पैसे भरा. त्यात तुमचा एक रुपयाही नव्हता. ते पैसे आम्ही भरले. दोन तासांत एकदाही "एवढं माहीत नाही का?" असा सूर नव्हता. ज्याला येतं त्याने न येणाऱ्याला लहान न करता शिकवावं, अशी माणसं मी माझ्या नोकरीत फार थोडी पाहिली. आमच्या शेटजींनाही मी हेच सांगितलं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. मग पाच किलोची एक पेटी तरी पाठवू द्या. तीन वेळा विचारलं, पत्ता अजून दिलेला नाहीत. थॉमसन द्राक्षाची शेवटची तोडणी शनिवारी आहे.

तुमची,
पॅकहाउसच्या ऑफिसातली ताई