पहिला आणि तिसरा शनिवार

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते आणि आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली असती, म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्यापासून मी पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारीच साताऱ्याला येईन. बाकीच्या शनिवारी माझा पूलचा, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळाचा, सराव. तीन महिन्यांचे पैसे भरून झालेत.

बाबा, तेव्हा पूल खेळताना क्लबातून हाताला धरून आणलंत, त्याचा राग कधीच गेलाय. तिथला धूर बघता मीही माझ्या लेकीला तसंच आणलं असतं. पण खेळ उनाडांचा नाही हो. आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. (मी होणार नाहीये. घाबरू नका.)

१४ वर्षांनी क्यू (बॉल मारायची काठी) धरला तर समोरचा सरळ बॉलसुद्धा पॉकेटात जाईना. मारता मारता मान वर यायची. सरांनी रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडातून क्यू न घासता आत-बाहेर करायला लावला. तासभर! आता दहातल्या सात वेळा हनुवटी खाली राहते.

कोन मात्र वेगळेच चुकत होते, आणि त्याला जबाबदार तुम्ही! कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड, तिरका लागला तरी फारसा वळत नाही. पूलचे बॉल सारख्याच वजनाचे. क्यूने मारायचा पांढरा बॉल न गडगडता, घसरत जाऊन तिरका लागला, की दुसऱ्याच्या वाटेशी काटकोन करून निघतो. मी अजून तुमच्या मांडीवर बसून, राणीकडे बघत नेम धरत होते.

आई, गोळ्यांचा डबा महिन्याभराचा भरून ठेवीन, रिक्षावाल्या काकांशीही बोललेय. गुडघ्याला तेल रोज लावायचं, आठवण झाली तरच असं नाही. आणि बाबांच्या मोतीबिंदूची तारीख सरावाच्या शनिवारी आली, तर सराव बुडेल. त्यावर वाद नको.

तुमची,
चिमी

ता. क. कॅरम बोर्ड माळ्यावरून काढायला स्टुलावर चढू नका. मी आले की काढीन. बोरिक पावडर आणतेय. आई, सतरंजी आधीच उचलून ठेव.