हेड उघडलं नाही, त्याबद्दल

मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

आमच्या जीपचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तुम्ही उघडलं नाही, त्याबद्दल आधी आभार. चारचौघांसमोर लिहितोय, कारण जुन्या जीपमध्ये पिकअपचं टर्बो डिझेल इंजिन टाकलेल्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. गाडी तापली की "हेड गॅसकेट गेलं", म्हणजे हेडखालची सीलची पट्टी फाटली, हा निकाल ठरलेला. आम्हालाही तोच मिळाला होता, खर्चाच्या अंदाजासकट.

तुम्ही पान्याला हातही लावला नाही. "मले सांगा, कवा तापते? उभी असतानी का पयतानी?" एवढंच विचारलं. उभ्या गाडीचा काटा हळूहळू चढायचा. अकोट रस्त्याला पन्नासच्या वेगात घेतली की सरळ लाल पट्टीत. मग थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली, बुडबुडे येतात का पाहिलं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस आहे का, तेही पाहिलं. गॅसकेट गेल्याच्या या दोन्ही खुणा नव्हत्या. नंतर पेपराचं एक पान रेडिएटरच्या जाळीसमोर धरलं. पंखा सुरू झाल्यावर ते जाळीला चिकटायला हवं होतं. ते उडून माझ्या पायाशी पडलं.

पंखा हवा उलटी फेकत होता! इंजिन बदलताना बेल्टवरच्या पंख्याला जागा उरली नाही, म्हणून रेडिएटरच्या मागे इलेक्ट्रिक पंखा आला, आणि बसवणाऱ्याने त्याच्या वायरी उलट जोडल्या. गाडी पळाली की समोरचा वारा मागे येणार आणि पंखा त्याला पुढे ढकलणार. जाळीतून धड काहीच जाईना. दोन वायरींची अदलाबदल, आणि त्यासाठी हेड उतरणार होतं.

तिथेच थांबला असता तरी मी खूश होतो. पण तुम्ही नळी सोडून पाणी पाहिलं. आपला खारपाण पट्टा, जमिनीतलं पाणी खारट. ज्या बोअरचं पाणी आपण पीत नाही, ते आधीच्या गॅरेजमध्ये रेडिएटरला पाजलं होतं. आत क्षार धरलेला. तो धुऊन निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. झाकणाचं रबर चिरलेलं होतं, तेही बदललं. झाकण 15 पीएसआयचा दाब धरतं, तेव्हा 100 अंशांना उकळणारं पाणी साधारण 120 पर्यंत तग धरतं, हे मला तेव्हा कळलं. "पाणी मोकळं फिरेल" म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला होता. नवा आणल्यावर तो दोऱ्याला बांधून शेजारच्या चहावाल्याच्या उकळत्या पाण्यात सोडला, उघडतो का बघायला. चहावाल्याचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं होतं.

हे इंजिन मूळच्यापेक्षा उंच बसलंय, वरची नळी रेडिएटरच्या तोंडाच्याही वर जाते, त्यामुळे हवा तिथे अडकते. तुम्ही जीप बांधावर नाक वर करून उभी केली आणि सावकाश पाणी ओतत राहिला, बुडबुडे थांबेपर्यंत. घाई असती तर हेच काम अर्धं राहिलं असतं.

यंदाच्या मे महिन्यात कापसाच्या सरकीची पोती लादून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलो. काटा मध्यावर.

पंख्याभोवतीचा पत्रा बसवायचा राहिलाय. हवा फटींतून निसटते, असं तुम्ही म्हणाला होता. मापं घेऊन ठेवली आहेत. पोळा झाला की येतो.

आपला,
जीपवाला