तात्या, दगड जागेवर ठेवलेत

तीर्थस्वरूप तात्यांना साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा सरड्यांवरचा प्रबंध जमा झाला. त्यात तुम्ही तिसऱ्या पानावर आहात. इंग्रजीत, दीड ओळीत, 'स्थानिक मदतनीस' म्हणून. आभार एका पानात आटपायचे असतात. वनखात्याची परवानगी, पैसे देणारे, प्रयोगशाळेतले सगळे अशी माणसं बसवता बसवता तुम्ही पार तळाला गेलात. मानधनाच्या पावतीवर तर तुमच्या नावापुढे 'अकुशल मजूर' असं आलं, कारण त्या फॉर्मात दुसरा रकानाच नव्हता. तुम्ही सही करता करता विचारलंत, "अकुशल म्हंजी काय गं?" मी म्हणाले, "म्हणजे रानातलं काम." खोटं बोलले. ते मनात राहिलंय, म्हणून हे पत्र चारचौघांत आणि मराठीत लिहितेय. नातू मोबाईलवर वाचून दाखवेल. भराभर वाचायला लागला तर थांबवा त्याला.

आपली पहिली भेट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, कारण ती तुम्ही निम्म्या चाळकेवाडीला रंगवून सांगितलीत. एप्रिलचं ऊन, जांभ्याचं उघडं पठार, डोक्यावर पवनचक्क्यांची घरघर आणि सांगलीची एक पोरगी पोटावर पालथी पडून दुर्बिणीतून दगडाकडे बघतेय. तुमच्या म्हशी थांबल्या, तुम्ही थांबलात. "काय हारवलंय का?" मी म्हटलं, सरडा बघतेय. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "त्यो व्हय. गळ्याखाली पागोटं बांधल्यागत करतोय त्यो."

सरड्याच्या गळ्याखालच्या त्या पंख्याचं याहून नेमकं वर्णन मी अजून कुठे वाचलेलं नाही. शेपटीसकट जेमतेम वीतभर प्राणी, मातीच्या रंगाचा, मागच्या पायांना चारच बोटं. एरवी तो कुणाच्या नजरेत भरत नाही. पण पावसाआधीच्या दिवसांत नर दगडावर चढतो, मान ताठ करतो आणि गळ्याखालची ती घडी फटकन उघडतो. निळी, काळी, नारिंगी. मादी जवळपास असेल तर तिच्यासाठी, शेजारच्या दगडावर दुसरा नर असेल तर त्याला दम द्यायला. 2016 साली शास्त्रज्ञांनी या जातीचं बारसं केलं, तेही तुमच्याच पठारावरच्या नमुन्यांवरून: 'सरडा सुपर्बा'. प्रजातीच्या (जीनसच्या) नावातच आपला मराठी 'सरडा' आहे, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग त्यात नवीन काय? आम्ही आधीपासनं सरडाच म्हणतोय."

माझं काम तसं साधं होतं. दिवसाच्या कोणत्या वेळी, दगड किती तापलेला असताना नर पंखा उघडतो, त्याची नोंद ठेवायची. आणि एका चालीने त्याच्या दिशेने जायचं, तो पळाला की जागच्या जागी थांबून टेपने अंतर मोजायचं. पहिल्या आठवड्यात माझे निम्मे सरडे मी वही उघडायच्या आतच पसार झाले. माझी सावली त्यांच्या अंगावर पडत होती. ही गोष्ट मला पुस्तकाने सांगितली नाही, तुमच्या काठीने सांगितली. तुम्ही नुसतीच ती जमिनीवर टेकवून माझ्या सावलीचं टोक दाखवलंत आणि म्हशींमागे निघून गेलात.

मी नरांना आकडे दिले होते, तुम्ही त्यांना नावं दिलीत. माझा 17 नंबर म्हणजे तुमचा 'बांडा'. शेपूट अर्ध्यात तुटलेली, आणि पालीसारखी नवी शेपूट सरड्याला सहसा फुटत नाही, त्यामुळे तो लांबूनही ओळखू यायचा. एकदा मी वहीत लिहिलं, 17 दिसला नाही, बहुधा मेला. तुम्ही म्हणालात, बांडा मेला नाही, वरच्या पंख्याच्या बुडाला गेलाय, हितल्या दोघांनी त्याला हाकलला. मी गेले. तो तिथे होता. वहीतलं ते वाक्य मी खोडलं, पण खाडाखोड दिसेल अशी ठेवली.

वरच्या पंख्याचं म्हणजे पवनचक्क्यांचं प्रकरण तर वेगळंच. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतंत की पंख्यांपाशी सरडे माजलेत, पायाखाली येईपर्यंत हलत नाहीत, आणि पंखे नाहीत तिकडचे लांबूनच पळतात. कारणही तुम्हीच दिलंत: वर घिरट्या घालणारं पाखरू पंख्यांपाशी उतरत नाही. त्या रात्री मी तुम्हाला मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा 2018 सालचा शोधनिबंध समजावून सांगितला. याच पठारावर त्यांनी मोजलं होतं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, सरडे जास्त, त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी, आणि माणसाला ते जास्त जवळ येऊ देतात. तुम्ही मान हलवत ऐकलंत. पण पुढे मी म्हणाले की तिथले सरडे अंगाने रोड आणि रंगाने फिके निघाले, तेव्हा तुम्ही चमकलात. "गर्दी झाली की खायला कमी पडणारच," म्हणालात, आणि मग थोड्या वेळाने, "पण रंगाचं माझ्या ध्यानात न्हवतं आलं." दुसऱ्या दिवशी म्हशी सोडून तुम्ही दोन्हीकडचे नर बघत फिरलात. मला वाटतं संशोधन म्हणतात ते हेच असावं. (हे वाक्य गाईडबाईंनी वाचलं तर वाचू दे.)

आता दगडांचं. तुम्ही माझ्यावर खरे चिडलात ते एकदाच.

जांभ्यावरच्या सुट्या दगडांखाली दिवसा एक छोटी पाल लपते. हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस, 2008 साली चाळकेवाडीवरूनच जगाला कळलेली, सातारचं नाव लावणारी. माझ्या विषयात ती नव्हतीच, पण हावरटपणा. एका दुपारी मी तीस-चाळीस दगड पालथे घातले. दोन पाली, बरेच विंचू आणि एक फुरसं मिळालं. फोटो काढले, दगड आपले टाकले परत अंदाजाने. संध्याकाळी तुम्ही त्या वाटेने आलात, आणि लांबूनच कळलं तुम्हाला. शेवाळाची काळपट बाजू खाली आणि मातीची तांबडी बाजू वर, असे दगड सगळीकडे पसरलेले.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. "कुणाच्या घरात गेलीस तर दार लावून येतीस का न्हाय?" एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन तुम्ही एकेक दगड परत बसवलात. दगडाचा खड्डा जमिनीत उमटलेला असतो, त्यात तो अचूक बसतो, त्या खुणा कशा शोधायच्या ते दाखवलंत. बसवल्यावर कडेने माती दाबायची, फट ठेवायची नाही, कारण फट राहिली की आत ऊन शिरतं, ओल उडते, आणि आतलं बिऱ्हाड उठतं. पाच-सहा दगडांच्या जागा आपल्याला सापडल्याच नाहीत. ते तुम्ही कडेला मांडून ठेवलेत. मी सोडून कुणी ते बघितले नसतील, पण तिकडून जाताना मी अजून मान खाली घालते.

सगळंच तुमचं ऐकलं असं नाही. मांडुळाला दोन तोंडं असतात यावरून आपलं तीन उन्हाळे भांडण चाललंय. तुम्ही म्हणता सहा महिने एक, सहा महिने दुसरं. मी म्हणते मागची ती शेपटीच, बोथट असते इतकंच. आणि सापसुरळी विषारी नाही, तात्या, नाहीच. काकींना विचारा, त्यांना मी पटवलंय.

काकींचे आभार वेगळे मानायला हवेत. जूनमध्ये धुकं उतरलं, सरडे दिसेनासे झाले, माझ्या वह्या भिजल्या, तेव्हा त्यांनी त्या चुलीवरच्या शिंकाळ्यात वाळवल्या. त्या वह्यांना अजून धुराचा वास येतो. उडदाचं घुटं आणि भाकरी खाऊन मी त्या पावसात किती झोपले, ते कुणाला सांगू नका. तुमच्या बहिणीकडे हुंबरळीला नेलंत तेही याच पावसात. कोयनेची ती पिवळसर भेकं (खरबरीत कातडीचे बेडूकच), 1963 साली हुंबरळीवरूनच ओळख पटलेली, मी पहिल्यांदा तिथे पाहिली. आत्यांनी मात्र रात्री बॅटरी घेऊन चिखलात फिरणाऱ्या पोरीचं लग्न जमणार कसं, एवढंच विचारलं.

एक काम राहिलंय. मोजमापासाठी मी काही दगडांवर पांढऱ्या रंगाने आकडे काढले होते. तुम्हाला ते तेव्हाही आवडलं नव्हतं आणि मी म्हटलं होतं, काम झालं की पुसते. काम झालंय. मार्चअखेरीस येते, साताऱ्याहून सकाळच्या एसटीने. तारेचा ब्रश आणतेय; तो दगडाला लावू द्यायचा की नाही, ते तुम्ही बघून ठरवा.

तुमची,
सरडेवाली पोरगी