सुट्टी नको, शाळा भरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारगिल विजय दिवसाला, म्हणजे २६ जुलैला, सार्वजनिक सुट्टी द्यावी अशी मागणी करणारं एक पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यामागची भावना कळते, मागणी मात्र पटत नाही. मी मूळचा रायगड जिल्ह्यातल्या माणगावचा, सोळा वर्षं कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात आहे. इथला ११ नोव्हेंबरचा स्मृतिदिन शाळेत आणि कामावर दोन्हीकडे पाहिला, त्यावरून लिहितो.

सुट्टीचा प्रयोग कॅनडाने करून पाहिलेला आहे. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबलं. १९२१ साली इथल्या संसदेने कायदा केला की ११ तारीख ज्या आठवड्यात येईल त्यातल्या सोमवारी युद्धविराम दिन पाळायचा, आणि थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे सुगीनंतर आभार मानण्याचा सणही त्याच दिवशी. सुट्टी एक, निमित्तं दोन. व्हायचं तेच झालं. लोकांनी सण केला, सैनिक मागे पडले. माजी सैनिकांच्या नाराजीनंतर १९३१ मध्ये कायदा बदलला, ११ तारीखच पक्की झाली आणि दिवसाला 'रिमेम्ब्रन्स डे' हे नाव मिळालं.

आज प्रांतागणिक तऱ्हा वेगळी. ब्रिटिश कोलंबियात पगारी सुट्टी असते. मॅनिटोबात बहुतेक दुकानं सकाळी ९ ते दुपारी १ बंद ठेवावी लागतात, मग खुशाल उघडा. ऑन्टारिओत सुट्टीच नाही, पण शाळांच्या नियमावलीत लिहिलंय की त्या दिवशी प्रत्येक शाळेत स्मरणाचा कार्यक्रम झालाच पाहिजे. शनिवार-रविवार आला तर आदल्या शुक्रवारी.

कामाच्या जागी मात्र कायदा मऊ. १९९७च्या कायद्यात सकाळी ११ वाजता दोन मिनिटं शांत उभं राहण्याचं नुसतं आवाहन आहे. मी ज्या गोदामात काम करायचो तिथे एका वर्षी स्पीकरवर सूचना झाली, आम्ही टोप्या काढून उभे राहिलो, पण खोकी वाहणारा पट्टा चालूच ठेवला होता. खोकी येऊन एकमेकांवर चढत होती. चाळीस सेकंदांत सुपरवायझरने हाताने खूण केली, चला. उरलेली शांतता आम्ही खोकी उचलत पाळली! अशा जागांसाठी मला मॅनिटोबाची पद्धत बरी वाटते.

माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्या शाळेच्या जिममध्ये मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती, छातीवर डाव्या बाजूला लाल पॉपी, म्हणजे सैनिकांच्या आठवणीत लावायचं कृत्रिम फूल. कोणाची पिन टोचत होती, कोणी ती सोडून खेळत होतं. आठवीतल्या एका मुलाने ट्रम्पेटवर 'लास्ट पोस्ट' ही सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवली, दोन सूर घसरले. मग दोन मिनिटं. तीनशे मुलं गप्प बसली की जिमच्या दिव्यांची घरघर ऐकू येते. नंतर वर्गात बाईंनी विचारलं, तुमच्या घरचं कोणी युद्धात होतं का? हिने हात वर केला नाही. घरी येऊन मला विचारलं, "बाबा, आपलं कोणीच नव्हतं का?"

होतं ना. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत कॅनडाचे जवळपास ६,००० सैनिक पडले. त्याच मोहिमेत आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चालून गेले आणि तिथेच पडले. वय २२, व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मरणोत्तर. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कॉलेजच्या वर्षांत मी तो कितीदा पाहिला असेल, पण कोण हे कधी विचारलं नाही, आणि शाळेत कोणी सांगितलंही नाही. मुलीला सांगण्यासाठी मला आधी वाचावं लागलं.

त्या दिवशी सुट्टी असती तर आम्ही मॉलमध्ये असतो.

आपल्याकडे ३० जानेवारीला ११ वाजता दोन मिनिटं काम थांबवण्याची केंद्राची सूचना आहेच. ती किती कचेऱ्यांत पाळतात ते वाचक जाणतात. त्यात आणखी एका सुट्टीची भर नको. २६ जुलैला शाळा भरवा, आणि आपल्या तालुक्यातल्या एका तरी सैनिकावर एक तास झालाच पाहिजे असा नियम करा. भाषणाला पुढारी नकोत, गावातला निवृत्त सुभेदार बोलवा.

एक विनंती. पुढच्या नोव्हेंबरात मुलीला घाडग्यांची गोष्ट वर्गात सांगायची आहे, आणि पुतळ्याचा धड फोटो माझ्याकडे नाही. माणगावच्या कोणा वाचकाने आपल्याकडे पाठवला तर अंकात जरूर छापावा.

आपला,
एक वाचक, मिसिसागा, कॅनडा