शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही या जूनमध्ये निवृत्त झालात हे ऑफिसमधल्या शिपाईकाकांकडून कळलं. निरोप समारंभाला मला येता आलं नाही, आणि आले असते तरी सगळ्यांसमोर एवढं बोलणं जमलं नसतं. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर लागतात, त्यांचे अर्ज तडीस नेणाऱ्या माणसाचं नाव मात्र कुठेच नसतं.

मी २०१८ साली ठाण्याला बी.एस्सी.ला आले. राहायला कोपरखैरण्याला. तात्या, म्हणजे माझे वडील, एपीएमसीच्या (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या) कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार, गाव पाटण तालुक्यातलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. शिष्यवृत्ती म्हणजे बोर्डात आलेल्या मुलांना मिळते ती, एवढीच आमची कल्पना. मला बारावीला ऐंशीच्या थोडे खाली टक्के होते, त्यामुळे मी तो विचारही केला नव्हता.

तुम्ही केला होता. प्रथम वर्षाचे प्रवेश संपल्यावर तुम्ही यादी घेऊन बसायचात आणि एकेका मुलाला ऑफिसात बोलावून घ्यायचात. मला बोलावलंत तेव्हा मी फीचं काहीतरी राहिलं असेल म्हणून घाबरतच आले. तुम्ही समोर बसवून केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती समजावून सांगितलीत. त्यात ऐंशी पर्सेंटाइल मागतात, ऐंशी टक्के नाहीत. आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत जेवढे पास झाले त्यांच्यातल्या वरच्या वीस टक्क्यांत आपण असलो की झालं. प्रत्येक शाखेचा कट-ऑफ वेगळा. देशभरात दरवर्षी ८२,००० नवे विद्यार्थी, त्यात निम्म्या मुली. हा फरक कुणी न सांगितल्यामुळे किती मुलं अर्जच करत नसतील, हे आठवून मला अजून हळहळ वाटते.

उत्पन्नाचा दाखला लागणार होता. राहायला नवी मुंबईत असलो तरी आमचा तालुका ठाणे, म्हणजे दाखला ठाण्याच्या तहसीलदारांचा. तात्यांना वाटलं, हे कर्ज आहे आणि पुढे फेडावं लागेल. मार्केटमधली पाळी संपवून ते तसेच कॉलेजात आले आणि ऑफिसच्या दाराशीच उभे राहिले. तुम्ही उठून त्यांना खुर्ची दिलीत. "भाऊ, यातला एक रुपयाही परत करायचा नाही. हिनं फक्त दरवर्षी पन्नास टक्क्यांच्या वर राहायचं आणि पंचाहत्तर टक्के हजेरी ठेवायची." तात्यांनी ते दोन्ही आकडे घरी आल्यावर आईला सांगितले. नंतर तीन वर्षं मी कधी लेक्चर बुडवलं की आई हजेरीबद्दल विचारायची.

खरी अडचण नावाची आली. बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. आधारवर माझं नाव आणि आडनाव, वडिलांचं नावच नाही. सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरलेला अर्ज आधी कॉलेजकडून तपासला जातो. कागदोपत्री त्याचे नोडल अधिकारी, म्हणजे ही तपासणी करणारे, एक प्राध्यापक होते, पण स्क्रीनसमोर तुम्ही बसायचात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही मला तेव्हा सांगितलंत की अर्ज नाकारला की तो कायमचा गेला, पण 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत पाठवला तर मुदतीत दुरुस्त होतो. नवा अर्ज पहिल्याच वर्षी करता येतो, त्यामुळे तेव्हा हुकलं असतं तर पुढच्या दोन वर्षांचंही गेलं असतं. तुम्ही अर्ज परत पाठवलात, आधार दुरुस्त होईपर्यंत मला फोन करत राहिलात आणि शेवटच्या तारखेच्या आत तो पुढे पाठवलात.

मग पैसे येईनात. बँकेत सांगायचे, आधार खात्याला जोडलेलं आहे. तुम्ही म्हणालात, जोडलेलं असेल, पण सरकारी पैसे ज्या खात्यात जातात त्या यादीत ते चढलंय का ते बघ. आधारच्या साइटवर सीडिंगची, म्हणजे या जोडणीची, स्थिती दिसते, तीही तुम्हीच काढून दाखवलीत. चढलं नव्हतं. बँकेत फॉर्म भरला आणि पैसे जमा झाले.

तेव्हा वर्षाला १०,००० रुपये मिळायचे, आता पदवीला १२,००० मिळतात. ऐकायला रक्कम लहान वाटेल. आमच्या घरात त्यातून रेल्वेचा पास, जर्नल, पुस्तकं आणि परीक्षेची फी निघत होती. सुट्टीत मला कुठे पॅकिंगच्या कामाला जावं लागलं नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. त्याच सुट्टीत तुम्ही मला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची नोटीस दाखवलीत. पदवीच्या मुलांसाठी ते विज्ञानाचा एक राष्ट्रीय उपक्रम चालवतात आणि निवडलेल्या मुलांना शिबिरांतून पुढे खऱ्या संशोधनाच्या प्रकल्पावर घेतात. आमच्याकडून वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द, पण मला त्या संस्थेचं नावही माहीत नव्हतं. तिथल्या रसायनशास्त्राच्या शिबिरात मी पहिल्यांदा असा प्रयोग केला ज्याचं उत्तर आधी कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात होती. तिला आमची ही आणि विज्ञानाच्या मुलांसाठीची केंद्र सरकारची इन्स्पायर, अशा दोन्हींचे फॉर्म भरायचे होते. तुम्ही तिला शांतपणे हिशेब मांडून दिलात. दोन्ही शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत. इन्स्पायरमध्ये वर्षाला ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी, एकूण ८०,०००. ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांनाच मिळते, इंजिनीअरिंग-मेडिकलला नाही, म्हणून ती बी.एस्सी. सोडणार नाही ना, हेही तुम्ही विचारलंत. प्रकल्पाला मार्गदर्शक लागतो, तर परीक्षेआधीच भौतिकशास्त्राच्या सरांशी तिची गाठ घालून दिलीत. हे तुमच्या कामाच्या यादीत कुठे लिहिलेलं होतं, मॅडम? पगार तर अर्ज पुढे पाठवण्याचा होता.

आज मी पावण्यातल्या एका औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, आहे. धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे आणि तात्या त्याला आत्तापासून पर्सेंटाइल समजावून सांगतात. मार्केटमधल्या इतर मुलांच्या वडिलांनाही सांगतात. टक्के बघून निराश होऊ नका, आधी कट-ऑफ बघा, असं ते ठासून सांगतात तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू येतो.

आता एक विनंती आहे. तुमच्या जागी अजून कुणी कायम माणूस आलेला नाही असं कळलं. आम्ही तुमच्या जुन्या यादीतले काही जण प्रवेशानंतरच्या शनिवारी कॉलेजात बसून पहिल्या वर्षाच्या मुलांचे अर्ज भरून द्यायला तयार आहोत, प्राचार्यांनी परवानगीही दिली आहे. पण अर्जांच्या नोंदींची तुमची ती लांब वही आम्हाला नीट वाचता येत नाही. लाल शाईतली फुली म्हणजे शिष्यवृत्तीचं दरवर्षीचं नूतनीकरण राहिलं की आधारचं काम, यावर आमच्यात दोन मतं आहेत. एखाद्या रविवारी तुमच्या घरी येऊन तुमच्याकडून ते समजून घ्यायचं आहे. कोणता रविवार सोयीचा ते कळवा. आईनं तुमच्यासाठी गावचा इंद्रायणी तांदूळ काढून ठेवला आहे, तोही घेऊन येते.

तुमची विद्यार्थिनी,
बी.एस्सी. रसायनशास्त्र, २०१८ ची तुकडी
कोपरखैरणे, नवी मुंबई