नवरदेवाचे पण फोटो काढा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराई आली की तुमच्या पुरवणीत नवरीचा मेकअप, नवरीच्या साड्या, नवरीचे फोटो यावर पानं भरून येतात, नवरदेवाबद्दल चार ओळी पण नसतात, म्हणून हे पत्र.

मी कराडकडे लग्नाचे फोटो काढतो. आमच्या धंद्यातलं सरळ सांगतो, छोट्या पॅकेजमध्ये एक फोटोवाला आणि एक व्हिडिओवाला, आणि दोघंही सकाळपासून मेकअप कधी संपतोय म्हणून नवरीच्या खोलीबाहेर बसलेले. तिकडे नवरदेव फेटा बांधून, मुंडावळ्या लावून तयार, आणि त्या वेळचा त्याचा एकही फोटो नाही. मग घाईघाईत त्याला सजवलेल्या गाडीजवळ उभं करायचं, गॉगल लाव, घड्याळाकडे बघ, बाहीचं बटण लाव, झालं काम. चार अल्बम शेजारी ठेवा, चेहरे वेगळे, पोज तीच.

खरं तर फेटा बांधतानाचा वेळ सगळ्यात भारी असतो. एकजण कापडाचं टोक धरून लांब उभा, बांधणारा पीळ देत देत गुंडाळतोय, मामा म्हणतोय डावीकडे कललाय, आई दारातून बघतेय आणि नवरदेवाला मान हलवता येत नाही त्यामुळे तो पोज द्यायचंच विसरतो. परण्याला, म्हणजे लग्नाआधीच्या मिरवणुकीला, घोड्यावर बसतानाचा चेहरा बघा, दोन सेकंद खरी भीती असते, मारुतीच्या देवळापर्यंत ती गेलेली असते. अंतरपाट धरला की दोन्ही कॅमेरे नवरदेवाच्या मागून नवरीकडे रोखलेले, पाट खाली आला की तिचा चेहरा मिळतो आणि त्याच्या फेट्याची मागची बाजू. कानपिळीचं तर विचारूच नका, सगळे लेन्स लाजाहोमाच्या लाह्यांवर, तेवढ्यात मेहुणा कान पिळून मोकळा, मग "परत पिळा" म्हणून रिटेक. अहो रिटेकमध्ये तो कळवळत नाही ना, नुसता हसतो!

दुसरं म्हणजे चेहरा. क्रीम शेरवानी फ्रेमभर असली आणि कॅमेरा ऑटोवर असला की तो कपड्याच्या चकाकीला फसतो आणि चेहरा काळपट येतो, त्यात गालावर मुंडावळ्यांच्या सावल्या. उपाय साधाय, मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणं, चेहऱ्यावर करा, खिडकीकडे तोंड करून उभं करा, फ्लॅश तोंडावर न मारता पांढऱ्या भिंतीवर मारा. पण एवढं कोण करतो, नंतर फोटोशॉपमध्ये गोरा करून देतात. रानात राबून रापलेला पोरगा अल्बममध्ये पावडर थापल्यासारखा दिसतो आणि घरचे पण खूश, मला तर हे कधी कळलंच नाही.

रोलच्या जमान्यात ३६ फोटोंत भागवायला लागायचं तरी आमच्याकडे नवरदेवाचा फेट्यातला एकट्याचा एक फोटो ठरलेला असायचा. आता कार्डात हजारो बसतात आणि तो एक काही सापडत नाही.

वरपक्षाने बुकिंग करताना एवढंच विचारावं, नवरदेवाच्या खोलीत कोण थांबणार आणि किती वाजता. थोडे पैसे जास्त गेले तरी दुसरा माणूस घ्या, तेही जमत नसेल तर एखाद्या चुलतभावाच्या हातात बरा मोबाईल देऊन फेटा बांधताना त्याला तिथे उभा करा, फक्त फ्लॅश बंद ठेवायला सांगा आणि "स्माईल प्लीज" म्हणू नको म्हणावं.

आपला,
एक फोटोग्राफर, जि. सातारा